घरी शिकणाऱ्या लहान मुलांचा दिवस कसा बसवावा? बडोद्यातल्या मराठी आईबाबांसाठी

चार ते आठ वर्षांची मुलं घरीच शिकत असतील तर शाळेचं वेळापत्रक घरात आणू नका. सकाळपासून तास लावले की मूल कंटाळतं, आई थकते आणि महिन्याभरात सगळंच बंद पडतं. या वयात बसून करायचा अभ्यास दिवसाकाठी तासभर पुरतो, तोही पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. बाकीचं शिक्षण घरकामातून आणि गावातून होतं, आणि त्याला आपलं बडोदं फार सोयीचं आहे.

१. आधी क्रम ठरवा
आंघोळ-नाश्ता झाला की वाचन, जेवणाआधी स्वयंपाकघर, ऊन उतरल्यावर बाहेर. घड्याळ थोडं मागेपुढे झालं तरी चालेल, क्रम मोडू नका. थोरलं वाचत असताना धाकट्याला खरं काम द्या: मोज्यांच्या जोड्या लावणं, चमचे पुसून ठेवणं. नुसतं ‘गप्प बस’ म्हणून तीन वर्षांचं मूल बसत नाही.

२. मराठी वाचन पक्कं करा, मग गुजराती
घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. मुलं बोलायला तिन्ही भाषा सहज उचलतात, त्याची काळजी नको. लिपीच्या बाबतीत मात्र घाई करू नये. काना-मात्रा नसलेल्या शब्दांनी सुरुवात करा: घर, नळ, वड, मगर. विश्वामित्रीतल्या मगरी पाहिलेल्या मुलाला ‘मगर’ वाचताना वेगळाच आनंद होतो. मग काना, मग वेलांट्या. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. रोज एक पान मोठ्यांनी वाचून दाखवायचं, त्यात खंड नको. हे काम आजोबांकडे द्या. नातवंडं त्यांच्याकडून जितकं ऐकून घेतात तितकं आपल्याकडून घेत नाहीत.

मूल मराठी वाक्य अडखळत का होईना वाचू लागलं की दुकानांच्या गुजराती पाट्यांकडे वळा. गुजरातीत अक्षरांवर रेघ नसते. ग, न, म, र, त, प ही अक्षरं मुलं लगेच ओळखतात. अ, क, ज, ब यांसारखी काही वेगळी दिसतात, ती बसून शिकवावी लागतात. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात सुरू केल्या तर मूल अर्ध्या शब्दावर रेघ देतं आणि अर्धा मोकळा सोडतं.

३. गणित ओट्यावर
शेवउसळीसाठी रात्री एक वाटी वाटाणे भिजत घाला आणि सकाळी मुलाला त्याच वाटीनं मोजायला सांगा. दोन वाट्यांच्या आसपास भरतात. पाणी कुठे गेलं, हा प्रश्न त्यालाच सुचू द्या. खंडेराव मार्केटात भाजी घेताना पावशेर-अर्ध्या किलोचा हिशेब आणि सुटे पैसे त्याच्या हातात द्या. भाजीवालीला दोन मिनिटं थांबायची विनंती करा, सहसा कौतुकानं थांबतात.

४. आठवड्यातून एकदा गावात
सयाजीबागेतलं संग्रहालय एका दिवसात उरकू नका. एका फेरीत एकच वस्तू. नील देवमाशाचा सांगाडा पाहायचा तर तोच: शेजारून चालत पावलं मोजा आणि घरी येऊन तितकीच पावलं अंगणात किंवा गच्चीत टाका. ममी पुढच्या खेपेला. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. उन्हाळ्यात हे सगळं सकाळीच आटपा.

५. माणसं
संध्याकाळी सोसायटीतली मुलं शाळेतून आलेली असतात. ती वेळ खेळासाठी राखून ठेवा, त्या वेळी काहीही शिकवू नका.

नातेवाईक विचारतीलच. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथे ‘मूल शाळेत का नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. वाद घालू नका. कोणतंही मूल शिक्षणावाचून राहू नये, हाच त्या सक्तीचा हेतू होता आणि ती जबाबदारी आता आपण अंगावर घेतली आहे. काकूंना घरी बोलवा आणि मुलाला त्यांच्यासमोर वाचू द्या.

६. वही आणि कागद
रोज रात्री दोन ओळी लिहा: काय वाचलं, काय केलं, कुठे अडलं. महिन्यातून एक चित्र आणि मुलाच्या अक्षरातलं एक पान त्यात चिकटवा. पुढे शाळेत घालायचं ठरलं तर हीच वही दाखवता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. घरीच शिकत राहिलं तर चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं. जन्माचा दाखला आणि आधार यांवरचं नाव एकसारखं आहे ना, हे आत्ताच तपासून ठेवा; दुरुस्तीला वेळ लागतो.