इग्वाना मादी अंड्यावर आली असेल तर

घरात पाळलेल्या इग्वाना या मोठ्या सरड्याच्या मादीने खाणे निम्म्यावर आणले, पोट मात्र दिवसेंदिवस भरत चालले आणि ती पिंजऱ्याचा कोपरा उकरू लागली, की पहिली शंका आजाराची येते. दुसरी शंका अंड्यांची येते खरी. पण घरात नरच नाही तर अंडी कुठून येणार, असे म्हणून ती लगेच बाजूला सारली जाते. ही चूक जिवावर बेतू शकते. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशीच इग्वाना मादीही वयात आल्यावर, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून, नराचा सहवास नसतानाही अंडी देऊ शकते. ती अंडी फळत नाहीत, एवढाच फरक. ती वेळेवर बाहेर पडण्याची गरज आणि न पडल्यास होणारा धोका तेवढाच असतो. म्हणून अंडी आहेत की नाहीत याची खात्री होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. शंका आली त्याच दिवशी तिला उकरायला जागा करून द्यावी. अंडी नसलीच, तर फार तर एक टबभर माती वाया जाईल. अंडी असली आणि जागा नसली, तर मादी ती पोटात अडवून ठेवते.

पुढची सर्व माहिती मूळच्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील हिरव्या इग्वानाविषयी आहे. पुण्यात या प्राण्याला सर्रास घोरपड म्हटले जाते. सहकारनगरमधील आमच्या सोसायटीत तर माझ्या इग्वाना मादीची, ठमीची, चौकशी आजही ‘तुमची यशवंती कशी आहे?’ अशीच होते. सिंहगडच्या आख्यायिकेचा मान राखूनही हे सांगणे आवश्यक आहे, की आपली घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून ती घरी ठेवणे हा गुन्हा आहे. हिरवा इग्वाना हा परदेशी प्राणी साइट्स या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. अशा प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. नोंद राहिली असेल तर ती आधी करावी.

लक्षणे ओळखताना एकाच खुणेवर विसंबू नये. अंड्यावर आलेल्या मादीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगते आणि शेवटच्या आठवड्यांत कातडीखाली द्राक्षांच्या घडासारखे उंचवटे दिसू लागतात. त्याच वेळी शेपटीचे मूळ आणि मांड्या बारीक होत जातात, कारण अंड्यांसाठी लागणारी चरबी व कॅल्शियम ती स्वतःच्या शरीरातून काढत असते. माणसाच्या डोहाळ्यांच्या अगदी उलट, तिची भूक कमी होत होत शेवटचे तीन-चार आठवडे जवळजवळ बंद होते. अंडीच इतकी जागा व्यापतात, की अन्नाला जागा उरत नाही. मात्र निरोगी मादी न खाताही चलाख असते. डोळे स्वच्छ, मान ताठ, सतत इकडून तिकडे फेऱ्या आणि शेवटी उकरणे, असे तिचे वागणे असते. न खाणारी आणि त्यासोबत निपचित पडून राहणारी मादी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्या बाबतीत वाट पाहू नये. पोट दाबून अंडी चाचपण्याचा मोह आवरावा. अंडे किंवा बीजपुटक (अंडाशयात वाढणारे, कवच न धरलेले अंडे) आत फुटले, तर बलक पोटाच्या पोकळीत पसरून जीवघेणा दाह होतो.

खात्री करून घेण्याचा मार्ग म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जाणे. कवच धरलेली अंडी एक्स-रेमध्ये दिसतात, तर कवच धरण्यापूर्वीची बीजपुटके सोनोग्राफीत अधिक स्पष्ट दिसतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण काही माद्यांमध्ये बीजपुटके वाढतात पण पुढे सरकत नाहीत, आणि तेथे कितीही उत्तम जागा करून दिली तरी उपयोग होत नाही. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने शहरात गल्लोगल्ली आहेत. इग्वाना हाताळणारे डॉक्टर मोजकेच. पहिल्या वर्षी मी ठमीला जवळच्याच एका दवाखान्यात नेले, तेव्हा तिच्या पोटात वायू धरल्याचे निदान झाले आणि चार दिवस फुकट गेले. तेव्हा डॉक्टर कोण, त्यांच्याकडे एक्स-रेची सोय आहे का आणि रविवारी ते भेटतात का, ही चौकशी मादी धडधाकट असतानाच करून ठेवावी.

आता जागेविषयी, कारण सगळी भिस्त तिच्यावरच आहे. इग्वाना मादीला उघड्यावर अंडी घालायची नसतात. तिला बोगदा खणून, अंधारात, पाठ झाकलेली असताना ती घालायची असतात. त्यामुळे ट्रेमध्ये चार बोटे वाळू पसरून दिली, तर मादी ती वाळू उकरून विस्कटते आणि निघून जाते. शेपटी वगळून मादीची जेवढी लांबी असेल, त्याच्या निदान दुप्पट लांबीची, तिला आत सहज वळता येईल इतकी रुंद आणि झाकण असलेली पेटी घ्यावी. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळणारा अंथरुणे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब या कामी उत्तम. झाकणाच्या एका टोकाला तिचे पोट न घासता आत जाईल एवढे भोक कापावे आणि त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत कराव्यात. आत स्वच्छ धुतलेली वाळू आणि खत न मिसळलेली माती समप्रमाणात कालवून किमान एक फूट भरावी. रोपवाटिकेतील तयार मातीत बहुधा शेणखत किंवा निंबोळी पेंड असते. ती घेऊ नये, साधी लाल माती मागून घ्यावी. ओलावा मुठीने तपासावा: मूठ वळल्यावर लाडू बांधला गेला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. कोरड्या मातीत बोगदा ढासळतो, आणि दोन-तीनदा ढासळला की मादी त्या जागेचा नाद सोडते. मातीत बोगद्याचा पहिला वीतभर भाग आपणच हाताने खणून ठेवला, तर तिला सुचायला मदत होते. पेटी पलंगाखाली किंवा वर्दळ नसलेल्या खोलीत, चादर टाकून ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने झाकण उचलून पाहू नये. डोकावले गेल्याचे लक्षात आल्यावर ठमीने एकदा दोन दिवस पेटीकडे पाठ फिरवली होती.

मातीचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस असावे. पुण्यात हीच गोष्ट अवघड जाते, कारण अंड्यांचा हंगाम बहुधा हिवाळ्यात किंवा त्याच्या अखेरीस येतो आणि डिसेंबर-जानेवारीत येथे रात्रीचा पारा १० ते १२ अंशांपर्यंत सहज उतरतो. गारठलेल्या मादीचे स्नायू नीट काम करत नाहीत आणि अंडी पुढे सरकत नाहीत. उन्हाच्या जागी, म्हणजे दिव्याखाली, ३५ अंश, सावलीच्या बाजूला २७ च्या आसपास आणि रात्री २४ च्या खाली नाही, हे गणित सांभाळावे. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून, तिचे अंग टेकणार नाही अशा उंचीवर लावावा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवल्याने दोन-तीन तास निभावतात. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा, दिवा दिवसाचे बारा तास लागतो. त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामाचे नाही, काच ते किरण अडवते. गॅलरीतील सकाळचे थेट ऊन मात्र उत्तम, पण जवळ बसून आणि सावलीचा आडोसा ठेवून. या काळात उंचावरच्या फांद्या खाली घ्याव्यात, म्हणजे जड पोटाने उडी मारण्याचा प्रसंग येणार नाही.

खाण्याचे प्रमाण कमी झाले तरी दर्जा वाढवावा. शेवग्याचा पाला कॅल्शियमच्या दृष्टीने उत्कृष्ट. मंडईत शेंगा मिळतात पण पाला क्वचितच, तेव्हा एखादे झाड हेरून ठेवावे. तुतीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले, घेवडा, किसलेला लाल भोपळा, अधूनमधून पुरंदरच्या अंजिराची फोड हे सर्व चालते. पालक, अळू आणि राजगिरा यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून या दिवसांत ते टाळलेले बरे. अन्नावर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची पूड रोज चिमूटभर भुरभुरावी. थोडे थोडे, दिवसातून दोन-तीनदा द्यावे. तोंड उघडून भरवू नये. शेजारच्या काकूंनी अत्यंत आपुलकीने उकडलेले अंडे, खिमा आणि डिंकाचा लाडू सुचवला होता. परंतु इग्वाना शुद्ध शाकाहारी आहे आणि मांसाहाराने त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पाणी मात्र भरपूर हवे. कोमट पाण्यात रोज पंधरा-वीस मिनिटे बसवल्यास ती पाणी पिते. हे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण इग्वानाच्या अंगावर साल्मोनेला हे माणसाला जुलाब-ताप आणणारे जिवाणू असू शकतात.

प्रत्यक्ष अंडी घालण्याचे काम काही तासांत होते, क्वचित एक-दोन दिवस चालते. अंड्यांची संख्या २० पासून ६०-७० पर्यंत असू शकते. त्यानंतर मादी माती पुन्हा लोटून भोक बुजवते. तिला ते करू द्यावे. धोक्याची खूण म्हणजे अनेक दिवस उकरूनही अंडी न येणे, किंवा काही अंडी घालून थांबणे आणि त्यानंतर कुंथत राहणे. बोटे किंवा पाय थरथरणे, मागचे पाय ओढत चालणे, अंग काळपट पडणे, डोके वर न धरणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, डॉक्टर गाठावा. थरथर हे रक्तातील कॅल्शियम घसरल्याचे लक्षण असते आणि तेव्हा तोंडाने पूड देऊन भागत नाही, इंजेक्शनच लागते. औषधांनी अंडी सरकली नाहीत तर शस्त्रक्रिया करावी लागते. अडलेले अंडे घरी बोटाने किंवा तेल लावून ओढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

अंडी घातल्यावर मादी अगदी चिपाडासारखी दिसते. कातडी लोंबते, कमरेची हाडे वर येतात. घाबरू नये. आधी कोमट पाणी, मग ऊब, मग हिरवा पाला, या क्रमाने दोन-तीन दिवसांत भूक परतते. अंडी मोजून ठेवावीत आणि आधीच्या एक्स-रेतील संख्येशी ताडून पाहावीत. एखादे आत राहिल्याची शंका असल्यास दुसरा एक्स-रे काढावा. नराशिवायची अंडी बहुधा पिवळट असतात आणि लवकर सुकतात. ती फेकून द्यावीत. पूर्वी नरासोबत राहिलेली मादी मात्र शुक्राणू साठवून ठेवू शकते, म्हणून पांढरी, टणक भरलेली अंडी दिसली तर निर्णय त्याच दिवशी घ्यावा. पाच-सहा फुटांपर्यंत वाढणारी तीस पिल्ले पुण्यातील फ्लॅटमध्ये कोण सांभाळणार, याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थी असेल तर अंडी लगेच फ्रीजरमध्ये ठेवून मग टाकावीत. पिल्ले किंवा मोठे इग्वाना तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीवर नेऊन सोडणे हा पर्याय नाही.

एकदा अंड्यावर आलेली मादी बहुधा दरवर्षी त्याच सुमारास पुन्हा येते. उकरणे कधी सुरू झाले, अंडी कोणत्या तारखेला आली आणि वजन किती घटले, हे लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी महिनाभर आधी पेटी भरता येते. दरवर्षी तिचे हाल होत असतील, तर ती पुन्हा अंगाने भरल्यावर, पुढचा हंगाम लागण्यापूर्वी, अंडाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांशी बोलावे. अडलेल्या अवस्थेत घाईने केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा ती पुष्कळ सुरक्षित असते.