वापरलेले स्की-साहित्य लाहौलच्या मुलांना पाठवण्याआधी करावयाची तयारी

साहित्य मागण्याआधी मापे हाती असावीत. आमच्या साताऱ्याच्या गटाने पहिल्या वर्षी नेमके उलटे केले. परदेशात स्थायिक झालेल्या नातेवाइकांना, ‘दिवाळीला येताना मुलांचे जुने स्की-साहित्य घेऊन या’ असा निरोप धाडला आणि महिन्याभरात शाहूपुरीतल्या एका घराचा माळा भरून गेला. त्यात मोठ्या माणसांच्या लांबलचक स्की, म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी बुटांखाली लावायच्या पट्ट्या, होत्या, जोड हरवलेला एक बूट होता आणि पट्टा तुटलेली तीन हेल्मेटे होती. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यातल्या ज्या मुलांसाठी हा खटाटोप चालला होता, त्यांतील सर्वांत थोरला मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याच्या पायाला बसेल असा एकही बूट त्या ढिगात निघाला नाही.

म्हणून श्रावणातच लाहौलच्या शिक्षकांकडून प्रत्येक मुलाचे वय, उंची, वजन आणि पावलाची लांबी मागवून घ्यावी. पाऊल मोजताना टाच भिंतीला टेकवून मुलाला दोन्ही पायांवर उभे करावे व अंगठ्याच्या टोकापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे. स्की-बुटांचे माप सेंटिमीटरमध्येच असते, 22.5 म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरचे पाऊल. त्यामुळे चपलांच्या दुकानातला नंबर येथे निरुपयोगी ठरतो. स्कीची लांबी उंचीवरून ठरते. नवशिक्या मुलाला छाती ते हनुवटीच्या दरम्यान पोहोचणारी स्की पुरते आणि सरावलेल्या मुलाला नाकापर्यंतची चालते. ‘वाढत्या अंगाचे आहे, एक माप मोठे घेऊ’ हा गणवेश घेतानाचा हिशेब बुटांना लावू नये, कारण सैल बुटात टाच उचलली जाते आणि मग स्की वळवता येत नाही.

यादी तयार झाली की ती देणाऱ्यांकडे जशीच्या तशी पाठवावी आणि एक अट स्पष्ट शब्दांत घालावी: प्रत्येक जोड निघण्यापूर्वी तिकडच्याच स्की-दुकानात तपासून घ्यावी. आपल्याकडे पोवई नाक्यापासून पुण्यापर्यंत हिंडले तरी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, तपासण्याचे यंत्र असलेले दुकान आम्हाला सापडले नाही. म्यूनिक किंवा डेन्व्हरला राहणाऱ्या माणसाला ते शोधणे सोपे आहे. जे नापास व्हायचे ते तिथेच व्हावे.

बाइंडिंग हा या सगळ्या साहित्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. बूट स्कीला धरून ठेवणे हे त्याचे अर्धेच काम. मूल पडले आणि पायाला पीळ बसू लागला की बूट सोडून देणे हे उरलेले अर्धे, आणि ते चुकले तर गुडघा किंवा नडगी जाते. ते किती जोराला सुटावे याचा आकडा मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून काढतात. ही तळव्याची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती आपल्या नोंदीत उतरवून घ्यावी. लहान मुलांच्या बुटांचा पुढचा ओठ मोठ्यांच्या बुटांपेक्षा लहान असतो, त्यामुळे मोठ्यांच्या बाइंडिंगमध्ये तो नीट धरला जाईलच असे नाही. शिवाय काही वर्षांनी कंपन्या जुन्या मॉडेलांची जबाबदारी घेणे थांबवतात आणि मग तिकडचे कारागीर अशा बाइंडिंगला हात लावत नाहीत. असे साहित्य दिसायला कितीही चकचकीत असले तरी नाकारावे. आमच्या ओळखीचा एक सायकल-दुरुस्ती करणारा मोठ्या उत्साहाने पाना घेऊन बसला होता. त्याला स्कीच्या कडा घासण्याचे काम द्यावे, बाइंडिंगचे स्क्रू मात्र फिरवू देऊ नयेत.

बुटांबाबत वयाची विचारणा संकोच न करता करावी. त्यांचे बाहेरचे कवच प्लास्टिकचे असते आणि ते वापरले नाही तरी वर्षागणिक ठिसूळ होते. दहा वर्षांहून जुना बूट आम्ही घेत नाही. आमच्याकडे आलेला एक निळा बूट साताऱ्यात ठणठणीत वाटला, पण लाहौलच्या थंडीत मुलाने बकल ओढताच तो घोट्यापाशी तडकला. आतले मऊ अस्तर बाहेर काढून पाहावे, बुरशीचा वास येत असेल तर धुऊन सावलीत पूर्ण वाळवावे आणि बकल हलके लावून बूट ठेवावेत, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. तळव्याची पुढची व मागची कड झिजून गोल झाली असेल तर तो बूट बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही, म्हणून तोही बाजूला काढावा.

हेल्मेट एकदा जोरात आपटलेले असले तर ते घेऊ नये, कारण आतला फोमचा थर दबल्याचे बाहेरून कळत नाही. देणाऱ्याला तसे थेट विचारावे. बर्फावरच्या हेल्मेटांचे ईएन 1077 हे मानक आतल्या चिठ्ठीवर छापलेले आहे की नाही तेही पाहावे. गॉगलची कडेची स्पंज-पट्टी झडत असेल तर गॉगल टाकून द्यावा. काठ्यांच्या बाबतीत फार चिकित्सा नको, त्या सरळ असल्या म्हणजे झाले.

कपडे परदेशातून मागवू नयेत. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, आणि त्यांची गरजही नाही. प्रियांका मोहिते यांनी 2013 साली एव्हरेस्ट गाठले, त्या साताऱ्यात हिमालयाची वाट धरणाऱ्यांची वानवा नाही. आठ दिवसांच्या ट्रेकसाठी घेतलेले हातमोजे, लोकरीचे पायमोजे आणि जाड जाकिटे कपाटांत पडून आहेत. ती येथेच मागावीत. मुलांच्या मापाची जाकिटे कमी मिळतात, मोजे मात्र भरपूर मिळतात, आणि शिक्षकांच्या पत्रात पहिली मागणी मोज्यांचीच असते.

स्की आणि बूट येण्याच्या मार्गाचा विचार वेळीच करावा. वापरलेला माल मालवाहतुकीने भारतात आणायचा तर परवानगी लागते, ती काढण्याच्या भानगडीत लहान गटाने पडू नये. सुट्टीला येणाऱ्या माणसाने आपल्या सामानात एखादी जोड आणावी, विमान कंपनीला स्कीच्या पिशवीचे नियम आधी विचारावेत आणि कस्टम्समध्ये विचारले तर खरे सांगावे. गट नोंदणीकृत संस्था असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाने संस्थेला दिलेली वस्तूही विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, 2010 च्या कक्षेत येऊ शकते. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याची स्वकमाईची देणगी मात्र त्यात धरली जात नाही. सनदी लेखापालाला हे एकदा विचारून घेतलेले बरे.

आलेले साहित्य पावसाळ्यात साताऱ्यात ठेवायचे नाही, हा नियम आम्ही अनुभवातून केला. एका वर्षी पाठवणी हुकली, स्की जूनपासून माळ्यावर राहिल्या आणि घटस्थापनेला खाली काढल्या तेव्हा पोलादी कडा तांबूस झाल्या होत्या. थोड्या दिवसांसाठी ठेवायचे झाले तरी तळ आणि कडा पुसून कोरड्या कराव्यात, गंज बारीक पॉलिश कागदाने काढावा व सर्वत्र वॅक्सचा जाड थर द्यावा. दोन स्की तळाला तळ लावून, मध्ये कापडाची घडी ठेवून, पट्ट्याने बांधाव्यात.

पाठवणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापूर्वी उरकावी. माहुलीच्या स्टेशनवरून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनपर्यंत आणि तिथून बसने मनाली असा आमचा मार्ग आहे. गटातले दोघे सोबत जातात. पूर्वी रोहतांगची खिंड हिवाळ्यात बंद झाली की लाहौल तुटत असे. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे, तरी मोठ्या हिमवृष्टीत रस्ता अडतो, म्हणून परतीच्या तिकिटात दोन दिवस हातचे ठेवावेत. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत प्रशिक्षण घेतलेला जाणकार उपलब्ध असेल तर प्रत्येक मुलाला बूट घालून त्याच्याकडून बाइंडिंग लावून घ्यावे आणि मगच साहित्य हवाली करावे.

प्रत्येक जोडीला एक जाड कागद बांधावा. त्यावर बुटाचे माप, तळव्याची लांबी, निर्मितीचे वर्ष, तपासणीची तारीख आणि ज्या मुलासाठी बाइंडिंग लावले त्याचे वजन हिंदीत लिहावे. पुढच्या हिवाळ्यात तीच जोड धाकट्या भावंडाकडे जाते, तेव्हा बाइंडिंग सुटण्याचा आकडा बदलावा लागतो, हे शिक्षकांना समोर बसून सांगावे.