पंचांगाचं पान कसं वाचावं

पंचांग उघडलं की बहुतेक जण राहुकाळ, म्हणजे दिवसातली अशुभ मानलेली वेळ, बघतात आणि पान मिटतात. तुम्ही आधी सूर्योदयाची वेळ बघा, तीही आपल्या गावाची. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि पुढचं सगळं गणित त्या वेळेला बांधलेलं असतं. पंचांगाचा वार रात्री बारा वाजता बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो.

मग तिथी. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमीजास्त होत असल्याने ती कधी १९-२० तासांत उरकते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. दोन सूर्योदयांना तीच सापडली तर वृद्धी, एकालाही नाही सापडली तर क्षय. तिथीपुढचा आकडा ती संपण्याची वेळ सांगतो. तिथे २६:१४ दिसलं तर छपाईची चूक समजू नका. ते उत्तररात्रीचे २ वाजून १४ मिनिटं.

खरा घोळ होतो तो उपासाच्या दिवशी. समजा, वद्य तृतीया दुपारी चारला संपते आणि चंद्रोदय रात्री नऊला आहे. पानावर तृतीया, तरी संकष्टी त्याच दिवशी, कारण संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी धरतात. गणेश चतुर्थीला मात्र मध्यान्हाची. ‘सकाळी तर तृतीया होती!’ हा घरोघरचा वाद इथेच मिटतो.

नक्षत्र म्हणजे चंद्र कुठे आहे ते. चंद्राच्या वाटेचे २७ भाग, प्रत्येकी १३ अंश २० कला (६० कलांचा एक अंश). ‘योग’ हे पंचांगाचं आणखी एक अंग, त्याकडे रोजच्या कामात फारसं बघावं लागत नाही. करण म्हणजे अर्धी तिथी; त्यातलं विष्टी करण म्हणजेच भद्रा, अशुभ मानलेला काळ. राखी बांधण्याआधी विचारतात ती हीच.

आता राहुकाळ. छापील ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ हे सहाला सूर्योदय आणि सहाला सूर्यास्त धरून काढलेलं असतं. स्वतः काढायचा तर दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे, आठ भाग करा. सूर्योदय ६:१२, सूर्यास्त १८:३६ असेल तर दिनमान १२ तास २४ मिनिटं, एक भाग ९३ मिनिटांचा. सोमवारी दुसरा भाग राहूचा, म्हणजे ७:४५ ते ९:१८. शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा.

चांगली वेळ हवी असेल तर त्याच दिनमानाचे पंधरा भाग करा. आठवा भाग अभिजित मुहूर्त. वरच्या दिवशी तो ११:५९ ते १२:४९ येतो. बुधवारी तो टाळण्याची रीत आहे. लग्न-मुंजीला मात्र एवढ्यावर भागत नाही, तिथे गुरुजींनाच विचारा.

आणि ज्यांना हे काहीच करायचं नसेल त्यांच्यासाठी साडेतीन मुहूर्त आहेतच: गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धा.