मराठी स्लाइड्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर अगम्य दिसतात? माझा अनुभव

लक्षण: घरच्या लॅपटॉपवर प्रेझेंटेशन व्यवस्थित, सभागृहातल्या कॉम्प्युटरवर उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. ऐन शेतकरी मेळाव्यात हे झालं, घाम फुटला.

तिथे फॉन्ट टाकायला ॲडमिन पासवर्ड नव्हता. पीडीएफ नीट दिसली, पण ॲनिमेशन गेलं. नुसता फॉन्ट बदलून काहीच होत नाही, कारण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात. मराठी फक्त वरचं रूप.

शेवटी चाललं ते असं, याच क्रमाने:

१. मूळ फाइलची प्रत काढा.
२. प्रत्येक चौकटीतला फक्त मराठी मजकूर युनिकोड (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) कन्व्हर्टरमध्ये टाका. इंग्रजी शब्द सोबत गेले तर त्यांचाही चुथडा होतो. आलेखातली नावं विसरू नका.
३. रूपांतरित मजकूर 'कीप टेक्स्ट ओन्ली'ने पेस्ट करा आणि मुक्त हा मोफत फॉन्ट द्या. अक्षरं मोठी दिसतात, आकार थोडा उतरवा.
४. रफार, कंस, टक्क्याची खूण तपासा. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर 'शेतकऱ्यांना'चं हमखास 'शेतकर्यांना' करतात. ते हातानेच सुधारावं लागतं.
५. पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह. तिथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर टिक, खाली 'एम्बेड ऑल कॅरेक्टर्स' निवडा, मग सेव्ह.

मुक्त फॉन्ट नसलेल्या विंडोज कॉम्प्युटरवर उघडून बघा. जोडाक्षरं जागेवर असतील तर काम झालं.