कुरणातली घाणेरी, गाजर गवत आणि वेडी बाभूळ: तणनाशक कुठे, कधी आणि कसं वापरावं

पुणे जिल्ह्यात चाऱ्यासाठी राखलेली रानं दोन तऱ्हांनी बिघडतात. मावळ, मुळशी, वेल्ह्याकडे घाणेरी आणि रानमोडी डोंगरउतारावरचं गवत झाकून टाकतात. दौंड, इंदापूर, बारामतीकडे वेडी बाभूळ माळ बळकावते. गाजर गवत दोन्हीकडे आहे, आणि त्याचं नातं आपल्याशी जुनं आहे: भारतात त्याचा बोभाटा १९५०च्या दशकात झाला तो पुण्यातूनच. जनावरांनी ते खाल्लं तर दूध कडवट होतं. घाणेरीचा पाला त्याहून वाईट. तो पोटात गेला की यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते आणि वेळीच इलाज झाला नाही तर जनावर दगावतं.

तरीही पहिलं काम पंप काढण्याचं नाही, गवत मोजण्याचं आहे. काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करा आणि रानात दहा-बारा ठिकाणी टाकून पाहा. चौकटीत मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी असं गवत निम्म्याहून जास्त दिसलं, तर तिथे थोडक्या औषधानं काम भागेल, कारण तण हटताच गवत ती जागा धरतं. गवत जवळपास नसेलच, तर नुसती फवारणी करून पैसे घालवू नका. मोकळ्या झालेल्या मातीत गाजर गवताचंच बी पुन्हा उगवेल. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात, त्यामुळे मातीत बियांचा साठा नेहमीच तयार असतो. तिथे तण काढणं आणि गवताचं बी पेरणं, दोन्ही एकाच हंगामात ठरवा.

काही जागा मात्र वगळायच्याच. गायरान गावाचं असतं, तिथे ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय थेंबही टाकू नका. वनखात्याच्या हद्दीत तर अजिबात नाही. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतो, आणि त्या भागातले नैसर्गिक माळ त्याचंही चरण्याचं रान आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना या धरणांच्या पाणलोटात ओढ्याकाठची घाणेरी हातानंच काढा. ते पाणी पुणे, पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं.

टाकळ्यावर औषध मारू नये असं माझं ठाम मत आहे. तो एका पावसाळ्याचं झाड आहे. फुलावर येण्याआधी विळ्यानं कापला तर पुढच्या वर्षी कमी उगवतो. शिवाय पहिल्या पावसानंतर गावातल्या बाया टाकळ्याची आणि फोडशीची भाजी खुडायला याच रानात येतात. तुम्ही शेजारी दुसऱ्या तणावर फवारणी करणार असाल, तर त्यांना आधी घरी जाऊन सांगा, आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांनाही.

आता औषध. कुरणात प्रामुख्यानं दोन नावं पुढे येतात. २,४-डी हे रुंद पानाच्या तणांवर चालतं आणि गवताला सहसा इजा करत नाही, म्हणून गवतात उगवलेल्या गाजर गवतासाठी तेच सोयीचं. पण कुरणात स्टायलोसारखं द्विदल चारापीक पेरलं असेल तर तेही मरेल. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं, मारवेलसुद्धा. म्हणून ते सरसकट फवारायचं नाही. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेत त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असं म्हटलं आहे. त्यामुळे स्वतः हात घालण्याआधी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. पॅराक्वाट कोणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

२,४-डीचे क्षार आणि एस्टर असे प्रकार मिळतात. एस्टरची वाफ होऊन ती शेजारच्या शेतात पोचते. नारायणगाव-जुन्नरकडे द्राक्षबाग किंवा टोमॅटो जवळ असेल तर एस्टर आणूच नका. द्राक्षाला या औषधाची थोडी झुळूकही पुरते, पानं पंख्यासारखी वळतात आणि कोवळी फूट वेडीवाकडी होते. डब्यासोबतच्या पत्रकात तुमच्या प्रकारच्या जागेचा आणि तणाचा उल्लेख आहे का, ते वाचा. नसेल तर नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

मात्रेचा हिशेब इथे नीट करू, कारण बहुतेक चुका इथेच होतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. दोरीनं ती आखा. पंपात साधं पाणी मोजून भरा आणि नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या दाबानं तो गुंठा फवारून घ्या. किती पाणी कमी झालं ते पाहा. समजा ५ लिटर लागलं, तर ४० गुंठ्यांच्या एकराला तुमच्या हाताला २०० लिटर लागतील. १५ लिटरचा पंप तीन गुंठे पुरेल. आता पत्रकात एकरी ६०० मिली असं लिहिलं असेल (हा आकडा फक्त हिशेबापुरता धरला आहे), तर गुंठ्याला १५ मिली आणि पंपाला ४५ मिली. दोघं जण आळीपाळीनं फवारणार असतील तर हे माप दोघांचंही वेगवेगळं घ्या. एकाची चाल दुसऱ्यासारखी नसते. बाटलीचं झाकण भरून अंदाजानं औषध टाकण्याची सवय मोडलीच पाहिजे.

नोझल पंख्यासारखं किंवा फ्लड जेटचं लावा. कीटकनाशकाच्या नोझलमधून बारीक तुषार निघतात आणि वाऱ्याबरोबर जातात. तणनाशकासाठी पंप वेगळाच ठेवा, कारण त्याच पंपानं नंतर भाजीपाल्यावर फवारलं तर राहिलेला अंशही पिकाला भोवतो. पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला धरून ठेवते आणि बोअरच्या जड पाण्यातही औषधाचा जोर कमी होतो.

गाजर गवतावर फवारणीची वेळ म्हणजे पानांचं चक्र जमिनीलगत असताना, फुलोरा येण्याआधी. फुललेल्या झाडावर औषध वाया जातं, ते हातमोजे घालून उपटा. पावसाळ्यात पानांवर पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर तिथे फवारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे आहेत, गाजर गवत फस्त करण्यासाठीच १९८०च्या दशकात भारतात आणलेले. त्यांना काम करू द्या.

सकाळी हलका वारा असताना काम करा. थंडीतल्या अगदी स्तब्ध, धुकट सकाळी तुषार हवेत तरंगत राहतात आणि दरीच्या उतारानं लांब जातात, तेव्हा थांबा. फवारणीनंतर सहा तास तरी पाऊस नको, म्हणून आषाढातल्या सरींत हे काम काढू नका. उघडीप पाहा. पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, आणि मध्येच तंबाखू-विडी नाही. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून चालू नका.

घाणेरी आणि वेडी बाभळीवर पानांवरची फवारणी मला पटत नाही. झुडूप उंच असतं, निम्मं औषध खालच्या गवतावर पडतं. वणवा लावून तर घाणेरी जातच नाही, बुंध्यातून दुप्पट फुटते. त्यापेक्षा पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, झुडूप जमिनीलगत कापा आणि काप ताजा असतानाच परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकाकडून बुंध्याच्या कडेला ब्रशनं ग्लायफोसेट लावून घ्या. साल आणि लाकूड यांच्यामधली ओली कडा नीट माखली पाहिजे, मधलं कोरडं लाकूड नाही. काप करून तासाभरानं लावलं तर तो सुकतो आणि औषध आत शिरत नाही. औषध नकोच असेल, तर घाणेरीचं मुख्य मूळ फुटीच्या भागाच्या थोडं खाली टिकावानं तोडा आणि खोड उलटं टांगून वाळवा. मेहनत जास्त, पण माझ्या मते छोट्या रानासाठी हीच पद्धत बरी. वेडी बाभळीच्या शेंगा खाल्लेली जनावरं थेट साफ कुरणात सोडू नका, बी शेणातून पसरतं.

फवारलेल्या रानात जनावरं पत्रकात दिलेल्या मुदतीआधी सोडायची नाहीत, आणि विषारी तण पूर्ण वाळेपर्यंत तर नाहीच. कोमेजू लागलेलं तण जनावरांना एरवीपेक्षा गोड लागू शकतं, आणि विष त्यात तसंच असतं. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा, ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका. अंगावर औषध सांडलं तर लगेच साबणानं धुवा. पोटात गेल्याची शंका आली तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

मोकळ्या झालेल्या जागांवर खुणेचे दगड ठेवा. पुढच्या मृगाच्या पावसाबरोबर तिथे मारवेल किंवा अंजन गवताचं बी टाका, आणि गवताचं बी गळून पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, तो भाग चराईला बंद ठेवा.