क्लीनरने कामाच्या फाइली उडवल्या: शोध सुरू करण्यापूर्वीची तयारी

संगणक स्वच्छ करणाऱ्या एखाद्या टूलने कचऱ्याबरोबर आपली कागदपत्रे, छायाचित्रे किंवा हिशेबही काढून टाकल्याचे लक्षात आले की बहुतेकांचा हात पुन्हा त्याच टूलकडे जातो. तो आधी आवरावा, कारण या तयारीतील पहिली आणि बाकी सगळ्यांहून महत्त्वाची बाब म्हणजे त्या डिस्कवर नवे काहीही लिहिले जाऊ न देणे. विंडोज सहसा वापरते त्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवरून फाइल काढली जाते तेव्हा फाइलींच्या मुख्य तक्त्यात तिची नोंद आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून दाखवली जाते. मजकूर तिथेच असतो आणि दुसरी फाइल त्यावर येऊन बसेपर्यंत तो परत मिळण्याची आशा असते. त्यामुळे ब्राउझर, विंडोजचे अपडेट आणि क्लाउडचे सिंक बंद करावे. फाइली परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर घाईघाईने त्याच ड्राइव्हवर उतरवून घेणे हा तर सर्वांत वाईट उपाय होय.

हे साध्या फिरत्या हार्ड डिस्कपुरते झाले. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क, असेल तर चित्र बरेच कठोर आहे. फाइल काढली जाताच विंडोज सहसा त्या डिस्कला ‘ट्रिम’ नावाची सूचना देते आणि डिस्कचा नियंत्रक मोकळे झालेले भाग आतल्या आत पुसू लागतो. हे काम वीज चालू असेपर्यंत सुरू राहू शकते. म्हणून एसएसडीच्या बाबतीत विचार करत बसण्यापेक्षा संगणक बंद करणे बरे. आपल्या संगणकात कोणती डिस्क आहे हे त्या क्षणी शोधत बसावे लागू नये यासाठी ते आजच टास्क मॅनेजरमध्ये पाहून कॅबिनेटवर चिठ्ठी लावून लिहून ठेवावे.

बंद करण्यापूर्वी रीसायकल बिन एकदा पाहण्यास हरकत नाही, परंतु क्लीनर बहुधा तेही रिकामे करून गेलेला असतो. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउडशी जोडलेले असेल, तर इथे पुसलेली फाइल क्लाउडवरूनही काढली जाते. मात्र तिथल्या रीसायकल बिनमध्ये ती वैयक्तिक खात्यात ३० दिवस आणि कार्यालयीन किंवा शैक्षणिक खात्यात सामान्यतः ९३ दिवस राहते. हे मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून पाहावे, आणि त्यासाठी खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हे कार्यालयातील दोघांना तरी ठाऊक असावे.

यानंतर साहित्य. हरवलेल्या मजकुरापेक्षा मोठी, रिकामी बाह्य डिस्क हवी. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता यावी यासाठी साटा-यूएसबी केबल किंवा डॉक हवा. नागपुरात सीताबर्डीच्या संगणक बाजारात हे साहित्य मिळते, पण गरज पडल्यावर रविवारी शोधण्यापेक्षा ते कपाटात असलेले चांगले. मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे मोफत साधन विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पुढे चालते आणि परत मिळालेल्या फाइली वेगळ्याच ड्राइव्हवर ठेवण्याची अट घालते. ते दुसऱ्या संगणकावर आधीच बसवून ठेवावे. डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप लावलेले असेल तर दुसऱ्या संगणकावर ती ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय सहसा उघडत नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर छापून घ्यावी, कारण कुलूपबंद डिस्कच्या आत ठेवलेली की कोणाच्याही उपयोगाची नाही. शोध तासन्‌तास चालू शकतो, म्हणून यूपीएस आवश्यक समजावा. अनेक बाह्य हार्ड डिस्क चालू असताना ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंतही चढतो; तेव्हा असे काम थंड खोलीत, शक्यतो सकाळी काढावे आणि डिस्क दुपारी उन्हात उभ्या गाडीत सोडू नये.

पुरावे गोळा करणे हे लोकांना कंटाळवाणे वाटते, पण टूल का चुकले हे त्यांच्याशिवाय कळत नाही. टूलची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, साफसफाईची तारीख व वेळ, ती कोणी सुरू केली की ठरलेल्या वेळी आपोआप झाली, कोणत्या चौकटींवर खुणा होत्या आणि टूलच्या नोंदवहीत काय लिहिले आहे, हे सर्व मोबाइलने छायाचित्र घेऊन टिपावे, कारण स्क्रीनशॉट जतन करणे म्हणजे पुन्हा त्याच डिस्कवर लिहिणे. एसएसडी आधीच बंद केली असेल, तर ही माहिती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर त्याच वेळी घ्यावी. शिवाय काय हरवले याची यादी आठवणीतून लगेच लिहावी: फोल्डर कुठे होते, फाइलींची नावे कशी होती, त्या कोणत्या प्रकारच्या होत्या. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सहसा पब्लिक फोल्डरखाली असतो, डॉक्युमेंट्समध्ये नसतो. इतवारी-गांधीबागेतील दुकानांच्या हिशेबासाठी शोध तिथूनच सुरू करावा.

मराठी कार्यालयांसाठी येथे एक वेगळी तयारी लागते. डिस्क खरवडून मिळालेल्या फाइलींची मूळ नावे अनेकदा उरत नाहीत आणि मग आतील शब्दांवरून त्या ओळखाव्या लागतात. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर ‘वादी’ किंवा ‘प्रतिज्ञापत्र’ असे शोधून सापडतो, पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर आत रोमन अक्षरांसारख्या खुणांनी साठवलेला असतो, त्यामुळे देवनागरी शब्दाचा शोध रिकामा परततो. सिव्हिल लाइन्समधील वकिलांच्या कार्यालयांत आणि डीटीपी केंद्रांत हे जाणवते. म्हणून नेहमीचे दहा-पंधरा शब्द त्या फॉन्टात टंकून, फॉन्ट बदलल्यावर ते कसे दिसतात याचा तक्ता आधीच करून ठेवावा. फॉन्टच्या फाइलीही वेगळ्या पेन ड्राइव्हवर असाव्यात.

कारण शोधताना संशयितांची नावे हाताशी हवीत. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने डिस्क क्लीनअप या विंडोजच्याच सफाईच्या साधनामध्ये डाउनलोड्स हा प्रकार आणला, आणि त्या फोल्डरला कायमचे कपाट मानणारे अडचणीत आले. त्याच अपडेटमध्ये ज्यांचे डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवलेले होते त्यांच्यापैकी काहींच्या जुन्या जागेतील फाइली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने वितरण थांबवून १३ नोव्हेंबरला ते पुन्हा सुरू केले. डी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्स हलवण्याची आपल्याकडील सवय पाहता ही बाब तपासावीच. दुसरा संशयित फाइलच्या नावाशेवटी येणाऱ्या प्रत्ययांचा नियम: ‘बीएके’ प्रत्ययाची फाइल टूलच्या दृष्टीने कचरा असते, पण ऑटोकॅडच्या नकाशाची आधीची प्रत तीच असते. ‘दीर्घकाळ न उघडलेल्या फाइली’ हा नियमही फसवा आहे, कारण फाइल शेवटची कधी वाचली याची तारीख विंडोज नेहमी अद्ययावत ठेवत नाही. सारख्या फाइली शोधणारा भाग लग्नाच्या अल्बमसाठी वेगळ्या काढलेल्या प्रती बेधडक उडवतो.

यापैकी कोणता संशय खरा हे पाहण्यासाठी मूळ संगणक वापरू नये. दुसऱ्या संगणकावर खोट्या फाइलींचे एक फोल्डर करावे, त्यात प्रत्येक संशयित प्रकाराचा एकेक नमुना ठेवावा, आणि टूल आधी केवळ तपासणीच्या पद्धतीने चालवून त्याची यादी वाचावी. नमुना यादीत आला तर कारण सापडले.

डिस्क दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यायची वेळ आली तर मूळ डिस्कवर काही लिहू नये आणि आधी तिची हुबेहूब प्रत घ्यावी, या दोन अटी पावतीवर लिहून घ्याव्यात. फाइली परत आल्यावर टूल ठेवायचेच असेल तर त्याच्या वगळण्याच्या यादीत कामाची फोल्डरे घालावीत, आपोआप चालण्याची वेळ काढून टाकावी, आणि विंडोजच्या स्टोरेज सेन्स या आपोआप सफाई करणाऱ्या सोयीमध्ये डाउनलोड्ससमोर ‘कधीही नाही’ हाच पर्याय असल्याचे पाहून घ्यावे.