फीवाढीवर विद्यार्थ्यांशी बोलण्याआधी: तयारीची यादी

पुढच्या वर्षाची फी वाढवायचं संस्थेच्या मनात आलं की आधी कॅलेंडर उघडा. एप्रिल-मे परीक्षांत जातो, जूनमध्ये प्रवेशांची धांदल असते आणि ३१ मार्चला संस्थेचं आर्थिक वर्ष संपतं. म्हणजे मुलांशी बोलण्याचा खरा काळ जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य एवढाच. मे महिन्यात बोलावलेल्या सभेतून काही निघत नाही. तोवर माहितीपुस्तिका छापून झालेली असते आणि मुलांनाही ते ठाऊक असतं. मी नवी मुंबईत पदवीच्या वर्गांना शिकवते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ज्या शिक्षकांवर किंवा वर्गप्रतिनिधींवर हे काम येईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी आकडे, मग सभा, मग लेखी उत्तर हा क्रम मोडू नका, एवढा माझा आग्रह आहे.

हा आग्रह माझ्या एकटीचा नाही. १९८५ साली इंग्लंडमध्ये ब्रेंट कौन्सिल या लंडनमधल्या स्थानिक संस्थेविरुद्धच्या गनिंग खटल्यात सल्लामसलतीच्या चार कसोट्या मांडल्या गेल्या. प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारावं, समोरच्याला मत बनवता येईल इतकी कारणं द्यावीत, उत्तराला पुरेसा वेळ द्यावा आणि आलेली मतं निर्णयाआधी मनापासून विचारात घ्यावीत. तो वाद शाळा बंद करण्याचा होता आणि तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही. पण तयारी पुरी झाली का हे तपासायला याहून सोपं माप मला सापडलेलं नाही.

मग तुमच्या अभ्यासक्रमाची फी कुणाच्या हातात आहे हे नक्की करा. अभियांत्रिकी, फार्मसी, एमबीएसारखे विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रम असतील, तर महाराष्ट्राच्या २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. संस्था हिशेबांसह प्रस्ताव देते आणि प्राधिकरण फी ठरवतं. संलग्न महाविद्यालयातल्या इतर पदवी अभ्यासक्रमांना मुंबई विद्यापीठाची परिपत्रकं लागू होतात. खासगी आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची वाट वेगळी. बीएमएस, बीबीए, बीसीए हे व्यवस्थापन आणि संगणकाचे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेले आणि त्याच सुमारास बऱ्याच महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. एकाच मजल्यावरच्या दोन वर्गांना दोन नियम असू शकतात, म्हणून हे गृहीत धरू नका, ऑफिसातून मान्यतेचं पत्र मागून पाहा. वाढ आधीपासून शिकणाऱ्यांना लागू होणार की फक्त नव्या प्रवेशांना, हेही याच वेळी लेखी विचारून घ्या. सभेत पहिला प्रश्न हाच येतो.

आता आकड्यांचा कागद. दोन पानं पुरतात, पण ती सभेच्या किमान दहा दिवस आधी प्रत्येक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि नोटीस बोर्डावर गेली पाहिजेत. त्यात मागच्या तीन वर्षांचा जमा-खर्च ढोबळ मथळ्यांखाली हवा: पगार, इमारत आणि वीज, प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा, शिल्लक. शिल्लक लपवू नका. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवायची मुभा दिली. नफेखोरी आणि कॅपिटेशन फीला (प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणगीला) मात्र मनाई केली. तेव्हा शिल्लक असणं गैर नाही, पण ती कशासाठी राखली आहे हे विचारायचा मुलांना पूर्ण हक्क आहे. वाढ कशामुळे हवी हेही एका ओळीत लिहा. ‘वाढती महागाई’ हे कारण नव्हे. किती नवे शिक्षक, कुठली यंत्रं, कुठल्या कर्जाचे हप्ते, ते सांगा.

वाढ टक्क्यांत सांगून थांबू नका, रुपयांत आणि पूर्ण अभ्यासक्रमाची सांगा. समजा आज वर्षाची फी ६०,००० रुपये आहे आणि दर वर्षी १० टक्के वाढ सगळ्यांना लागू होणार आहे. दुसऱ्या वर्षी ६६,००० आणि तिसऱ्या वर्षी ७२,६०० होतात. तीन वर्षांचे १,८०,००० ऐवजी १,९८,६०० भरावे लागतात. मुलं ‘सहा हजार’ ऐकून घरी जातात आणि घरच्यांच्या खिशातून अठरा हजार सहाशे जास्तीचे जातात. हा तक्ता कागदावर नसेल, तर विचारलेल्या मताला काही किंमत राहत नाही.

याहून नाजूक भाग म्हणजे वाढ कुठल्या मथळ्याखाली टाकायची. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हा मुद्दा मुलांना माहीत नसतो आणि संस्थेलाही नेहमी सुचतो असं नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची अर्धी रक्कम मिळते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ मिळू लागला. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळली आहेत. आता पाच हजारांची वाढ मान्य शिक्षण शुल्कात गेली तर अशा मुलीला ती परत मिळू शकते. तेच पाच हजार जिमखाना, संगणक किंवा ‘इतर’ या नावाखाली गेले तर तिलाच भरावे लागतात. म्हणून प्रत्येक रुपया कुठल्या मथळ्यात जाणार हे कागदावर असू द्या, आणि त्यापुढे ‘शिष्यवृत्तीत बसतो / बसत नाही’ असा रकाना ठेवा. परतावा उशिरा जमा होतो आणि पहिला हप्ता मात्र लगेच भरायचा असतो. ज्या घरात महिन्याच्या पगारावर सगळं चालतं तिथे खरी अडचण हीच असते. शिष्यवृत्ती पाहणाऱ्या कारकुनांना सभेला आवर्जून बसवा. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज कुठे अडकतात, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर कुणाचं राहिलं आहे, हे त्यांच्याइतकं प्राचार्यांनाही ठाऊक नसतं.

सभेची वेळ लोकलच्या हिशेबाने ठरवा. आपली मुलं ऐरोली-घणसोलीचीच नसतात. आसनगावची मुलगी ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे येणाऱ्या लोकलने, येते. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत पोचल्यापासून तिकडचीही मुलं आहेत. संध्याकाळी पाचची सभा ठेवली की कसारा-कर्जतकडची मुलं मधेच उठतात, आणि दुपारनंतर मॉलमध्ये किंवा कॉल सेंटरवर काम करणारी तर येतच नाहीत. फीवाढ सगळ्यात जास्त ज्यांना लागते तेच नेमके गैरहजर राहतात. सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं भरतं, त्या मधल्या तासात सभा ठेवा. त्या तासाची हजेरी माफ असल्याची नोटीस प्राचार्यांच्या सहीने लावा. एक सभा पुरत नाही. दुसरी शनिवारी ऑनलाइन घ्या आणि पालकांनाही बोलवा.

मत विचारणारा फॉर्म नीट घडवा. ‘फीवाढ मान्य आहे का? हो / नाही’ या प्रश्नातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा: पहिल्या हप्त्याला तुमच्या घरून किती रक्कम उभी राहू शकेल? सध्याची फी कोण भरतं: पालक, तुम्ही स्वतः, कर्ज, शिष्यवृत्ती? वाढ झालीच तर कोणता खर्च आधी झालेला पाहायला आवडेल, आणि कोणता खर्च नको? वाढ अमुक एवढी झाली तर शिक्षण थांबवावं लागेल का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याला नाव लिहायची सक्ती नको, पण मदत हवी असेल तर संपर्कासाठी वेगळी चिठ्ठी द्या. फॉर्म मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत काढा. वर्गशिक्षकांनी तो हातात घेऊन ‘लवकर भरा रे’ असं करू नये. ग्रंथालयात बंद पेटी ठेवा आणि ती उघडताना दोन विद्यार्थी हजर असू द्या.

विद्यार्थ्यांच्या वतीने कोण बोलणार हेही आधी ठरवा. महाराष्ट्राच्या २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात. तुमच्याकडे परिषद असेल तर या दोघांना आकड्यांचा कागद सगळ्यांच्या आधी दाखवा आणि त्यांच्या शंका त्यातच दुरुस्त करा. परिषद नसेल तर वर्गप्रतिनिधी घ्या, पण फक्त हुशार आणि बोलके नकोत. फ्रीशिपवाला (फी माफ असलेला) एक, वसतिगृहातली एक, नोकरी करून शिकणारा एक असू द्या.

सभागृहात व्यवस्थापनाच्या खुर्च्या स्टेजवर नकोत, खाली मुलांसमोर मांडा. दोन माइक ठेवा, एक मुलांमध्ये फिरता. ज्यांना सही करायचा अधिकार आहे ते स्वतः हजर हवेत, कारण ‘वर कळवतो’ हे उत्तर ऐकून मुलं पुढच्या वेळी येत नाहीत. इतिवृत्त एक शिक्षक आणि एक विद्यार्थी असं दोघांनी लिहावं. बोलणाऱ्याचं नाव त्यात नको, मुद्दा हवा. फीचा थकबाकीदार कोण याचा उल्लेख कुणीही, कुठल्याही सुरात करू नये. हॉलतिकीट अडवण्याची भाषा तर अजिबातच नको. त्यानंतर कुणी तोंड उघडत नाही, आणि तसं करणं मला अन्यायाचंच वाटतं.

सभेनंतर पंधरा दिवसांत लेखी उत्तर निघालं पाहिजे. किती मतं आली, कोणते मुद्दे मानले, कोणते नाही आणि का, मूळ प्रस्तावात काय बदललं. काहीच बदललं नसेल तर तेही कारणासह लिहा. हप्त्यांच्या तारखा आणि अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी मदतीचा अर्ज त्याच नोटिशीत द्या. अर्जाची शेवटची तारीख पहिल्या हप्त्याच्या किमान तीन आठवडे आधीची ठेवा, म्हणजे निकाल कळल्यावर घरच्यांना पैशांची जुळवाजुळव करायला वेळ मिळेल. सगळे कागद, फॉर्मची बेरीज आणि इतिवृत्त एका फाइलमध्ये लावून ग्रंथालयात ठेवा, आणि पुढच्या वर्षीच्या प्रतिनिधींना ती फाइल जुलैतच दाखवा.